तराजूपासून तराजूपर्यंत : विट्यातील एका गलाई दुकानाविषयी

सासूबाईंच्या पश्चात त्यांच्या डब्यातील तीन डाग माझ्याकडे आले: पाटल्यांची जोडी, तुटून तीन तुकडे झालेली एक साखळी आणि लाखेची बोरमाळ. पाटल्या एका बाजूने झिजून पातळ झाल्या होत्या, साखळी ठिकठिकाणी डाक, म्हणजे वितळवलेल्या धातूचा जोड, देऊन कडक झाली होती आणि बोरमाळेचे निम्मे मणी चेपले होते. ते मोडून नातीसाठी नवीन काही करावे असे घरात ठरले. मोड म्हणून डाग थेट सराफाच्या हाती देण्याऐवजी सोने आधी डोळ्यांदेखत गाळून घ्यावे, त्याची लगड, म्हणजे ओतीव कांब, करावी, तिचा टंच, म्हणजे शंभरात शुद्ध सोने किती ते, काढावा आणि मगच सराफाची पायरी चढावी, असा माझा आग्रह होता. त्यासाठी मी सांगलीहून तासगावमार्गे विट्याला गेले. त्या एका दिवसाचा, आणि नंतर चांदीसाठी केलेल्या दुसऱ्या फेरीचा, हा अनुभव आहे.

आग्रहामागे कारण होते. बारा-तेरा वर्षांपूर्वी मी एका शहरात, त्याचे आणि त्या दुकानाचे नाव येथे देत नाही, माहेरच्या बांगड्या गाळायला दिल्या होत्या. बांगड्या पडद्यामागच्या खोलीत गेल्या, वीस मिनिटांनी लगड बाहेर आली आणि वजनात दोन ग्रॅमची घट निघाली. विचारल्यावर ‘मळ होता’ एवढेच उत्तर मिळाले. मळ असेलही, पण घन डागाचा द्रव होऊन पुन्हा घन झाला त्या वीस मिनिटांत काय घडले हे मला माहीत नव्हते, आणि ज्याला माहीत होते त्याने सांगितले नाही. तीस वर्षे माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवलेल्या माणसाला ही गोष्ट फार लागते.

विटाच का, असे सांगलीतल्या मैत्रिणींनी विचारले. सोने-चांदी गाळण्याचा धंदा, म्हणजे गलाई, आणि विटा हे नाते आपल्या भागात कोणाला सांगावे लागत नाही. खानापूर, आटपाडी, कवठेमहांकाळ, तासगाव आणि शेजारच्या सातारा जिल्ह्यातील खटाव-माण या कमी पावसाच्या पट्ट्यातून पिढ्यान्‌पिढ्या तरुण बाहेर पडले आणि केरळपासून उत्तर भारतापर्यंतच्या सराफ बाजारांत गलाईची भट्टी लावून बसले. आजही तिकडच्या अनेक शहरांत सोने गाळणारा माणूस मराठी बोलणारा निघतो. मी ज्यांच्याकडे गेले ते काकाही चाळीस वर्षे दक्षिणेत काढून परतलेले आहेत आणि आता मुलाला हाताशी घेऊन गावी दुकान चालवतात. दुकानावर पाटी नाही. जुन्या पेठेत ‘गलाईवाले कुठे’ असे विचारले की कोणीही बोट दाखवते.

दुकान म्हणजे जेमतेम दहा बाय बाराची एक खोली आहे. दारालगत काचेच्या पेटीत मिलिग्रॅमपर्यंत दाखवणारा तराजू, मध्ये विटा आणि अग्निरोधक माती लावून केलेली भट्टी, तिच्याशेजारी लोखंडी साचे, मागच्या भिंतीला लाकडी फळीवर लहानमोठ्या मुशींची, म्हणजे धातू वितळवण्याच्या भांड्यांची, उतरंड, आणि ग्राहकासाठी भट्टीपासून चार हातांवर एक बाक. पडदा नाही, आतली खोली नाही. काकांनी पहिल्यांदा मला बाकावर नव्हे तर तराजूजवळ उभे केले, रिकाम्या पेटीत शून्य दाखवले आणि म्हणाले, “तराजूवरनं मुशीत, मुशीतनं साच्यात, साच्यातनं परत तराजूवर. मधी कुठं आडोसा दिसला तर थांबवा मला.” माझ्या दृष्टीने या दुकानाची सगळी गुणवत्ता या दोन वाक्यांत आहे, आणि दिवसभरात त्यांनी ती पाळली.

वजने अशी भरली: पाटल्या ३८.४२० ग्रॅम, साखळीचे तुकडे ११.२६० ग्रॅम, बोरमाळ दोऱ्यासकट १७.८५० ग्रॅम. त्यानंतर काकांनी जे विचारले ते मला अपेक्षित नव्हते. बोरमाळ हातावर घेऊन, चेपलेले मणी बाजूला सारत ते म्हणाले, “ताई, नक्की मोडायची हाय न्हवं? चांगल्या मण्यांची लहान माळ हुईल. एकदा पाणी झालं की घडणावळ गेली.” ग्राहक परत जाण्याचा धोका पत्करून हा प्रश्न त्यांनी दोनदा विचारला. मी त्यांना मणी वेगळे करायला लावले, पण चांगले म्हणावेत असे अकराच निघाले आणि त्यांच्याही शिवणी उसवल्या होत्या, म्हणून शेवटी सगळी माळ गाळायचे ठरले.

ज्यांच्या घरात बोरमाळ, मोहनमाळ किंवा पोकळ मण्यांचा कोणताही जुना दागिना आहे त्यांनी पुढचा भाग नीट वाचावा. मण्याच्या पातळ पत्र्याला आधार मिळावा म्हणून आत लाख भरलेली असते, आणि माळ तराजूवर ठेवली की सोन्याबरोबर लाखही तोलली जाते. काकांनी दोरा कापला, मणी एका पसरट मातीच्या परळात घेतले आणि मंद आचेवर धरले. प्रथम लाख मऊ होऊन मण्यांच्या भोकांतून काळपट थेंबांनी बाहेर आली, मग पेटली आणि राळेसारखा उग्र वास खोलीभर पसरला. शेवटी उरलेली काजळी ब्रशने झाडून, मणी पाण्यात धुऊन, वाळवून पुन्हा तराजूवर आले तेव्हा वजन ९.१४० ग्रॅम भरले. म्हणजे बोरमाळेच्या वजनातले ८.७१० ग्रॅम लाख, दोरा आणि मळ होते. ही घट कोणीही न चोरता झालेली आहे; परंतु हीच घट पडद्यामागे झाली असती तर मी घरी जाऊन काय समजले असते, हे सांगायला नको.

तिन्ही डाग एकत्र गाळायचे की वेगळे, हा त्यांचा पुढचा प्रश्न होता. पाटल्या चांगल्या कसाच्या आणि साखळी हलकी, हे कसोटीच्या रेघेवरून त्यांना दिसले होते. त्याच रूपात पाटल्यांच्या सोन्याचा नवीन डाग घडवायचा असता तर साखळी त्यात मिसळणे चुकीचे ठरले असते. पण सराफ नवीन दागिना २२ कॅरटचा, म्हणजे हजारात ९१६ भाग सोन्याचा, हॉलमार्क करून देणार होता आणि मला फक्त एकूण शुद्ध सोन्याचा हिशेब हवा होता. म्हणून एकच मूस लावली. शेजारच्या दुकानात क्ष-किरणांचे टंच यंत्र आहे. मुलगा माझ्याबरोबर तिथे आला आणि गाळण्यापूर्वी पाटलीवर दोन ठिकाणी टंच घेतला. एका ठिकाणी ९२.१ आला, जोडाजवळ ८९.३ आला. यंत्र खोटे बोलत नव्हते. ते पृष्ठभागाच्या अगदी पातळ थरापुरतेच पाहते, आणि घडलेल्या डागात पत्रा एका कसाचा, डाक दुसऱ्या कसाची असते. धातू पूर्ण वितळून, ढवळून एकजीव झाल्यावरच त्याच्या कुठल्याही कोपऱ्याचा टंच हा सगळ्याचा टंच होतो.

भट्टीला इंधन म्हणून १९ किलोचे व्यावसायिक एलपीजी सिलिंडर आणि हवेसाठी लहान विजेचा भाता आहे. मूस ग्राफाइटची आहे. काकांनी ती रिकामी तापवली, लाल झाल्यावर चिमूटभर टाकणखार (बोरॅक्स) टाकून तिच्या आतल्या अंगाला काचेसारखा लेप बसवला आणि मग मला मूस वाकवून आतून दाखवली. ही सवय मला फार आवडली. वापरलेल्या मुशीच्या तळाला आधीच्या ग्राहकाचा कण राहू शकतो, किंवा खरखरीत तळाला आपला कण चिकटू शकतो, आणि दोन्हींचे उत्तर हा लेप आणि ही नजर आहे.

वर्गात ‘द्रवणांक’ शिकवताना मी मेण आणि बर्फ यांच्यापलीकडे गेले नव्हते. शुद्ध सोने १०६४ अंश सेल्सिअसला वितळते, चांदी ९६२ अंशांच्या आसपास आणि तांबे १०८५ अंशांना. गमतीची गोष्ट अशी की सोन्यापेक्षा जास्त तापमानाला वितळणारे तांबे सोन्यात मिसळले की मिश्रण मात्र शुद्ध सोन्याच्या आधीच वितळू लागते, आणि तेही एका ठरावीक अंशाला नव्हे तर एका टप्प्यात. मुशीत ते अक्षरशः दिसले. आधी साखळीचे डाक दिलेले सांधे ओलसर चमकले आणि कड्या एकमेकींत बसल्या, मग मण्यांचा पत्रा आक्रसला. पाटल्या बराच वेळ लालभडक, ताठ उभ्या होत्या आणि नंतर त्यांची कड खचली, एक बाजू पाझरली आणि बघता बघता दोन्ही पाटल्या त्या तळ्यात गेल्या. वरचा टाकणखार बाजूला सरला तेव्हा खाली हिरवट झाक असलेला, थरथरणारा, कडा गोल वळलेला एकच थेंब दिसत होता. तो मुशीला चिकटत नव्हता, पाऱ्यासारखा स्वतःला सावरून बसला होता. सासूबाईंच्या हातात पन्नास वर्षे वाजलेल्या पाटल्या त्या क्षणी नाहीशा झाल्या, आणि काका माझ्याकडे न बघता म्हणाले, “हितंच पाणी व्हतं सगळ्यांच्या डोळ्यांत. बसा घटकाभर.”

टाकणखाराचे काम केवळ लेपाचे नाही. तो ७४३ अंशांना वितळतो, म्हणजे सोन्याच्या आधीच द्रव होऊन त्याच्यावर पांघरूण घालतो आणि तांब्यासारख्या धातूंची ऑक्साइडे स्वतःत विरघळवून घेतो. ओतल्यानंतर मुशीत राहिलेली मळी थंड होऊन निळसर हिरव्या काचेसारखी झाली होती. शाळेच्या प्रयोगशाळेत टाकणखाराच्या मण्यावर तांब्याची परीक्षा करताना जो रंग येतो तोच हा रंग, आणि मला तो ओळखू आल्यावर काकांच्या मुलाने मोबाइलवर त्याचा फोटो काढून घेतला. ती मळी त्यांनी फेकली नाही. खलात कुटली, पाण्यात धुतली आणि तळाशी राहिलेले तीन-चार बारीक गोळे कागदावर ठेवून माझ्यासमोर तोलले: ०.०२० ग्रॅम. ते त्यांनी वेगळ्या पुडीत बांधून दिले. सोनाराची राख, केर आणि मळी धुऊन त्यातले सोने काढणाऱ्या झारेकऱ्यांचा स्वतंत्र व्यवसाय आपल्याकडे होता, तो कशावर चालत असेल हे या पुडीवरून कळते.

ओतण्यापूर्वी त्यांनी ग्राफाइटच्या कांडीने द्रव ढवळला, तेलाचा हात फिरवलेला साचा भट्टीच्या कडेला आधीच गरम करून ठेवला होता, सांडशीने मूस उचलली आणि एका धारेत, न थांबता ओतली. साचा थंड किंवा दमट असता तर द्रव उडाला असता. लगडीच्या वरच्या अंगाला मध्यभागी एक उथळ खळगा पडला होता. पूर्वी मला असा खळगा म्हणजे धातू कमी झाल्याची खूण वाटली असती. खरे कारण सरळ आहे: द्रव सोने घन होताना आकसते, कडा आधी गोठतात, मधला भाग शेवटी गोठतो आणि खाली बसतो.

तराजूवर लगड ५८.४५० ग्रॅम भरली. मुशीत गेलेले वजन ५८.८२० होते, पुडीतले ०.०२० धरून प्रत्यक्ष घट ०.३५० ग्रॅम झाली. बारा वर्षांपूर्वी न मिळालेले उत्तर या वेळी मला न विचारता मिळाले. सोने या तापमानाला उडून जात नाही, त्याचा उत्कलनबिंदू अडीच हजार अंशांच्याही पुढे आहे. उडाले ते दुसरेच. थोडा मळ आणि तांब्याचा काही अंश मळीत गेला, आणि मुख्य म्हणजे साखळीच्या डाकेतले कॅडमियम गेले. एकेकाळी ‘केडीएम’ म्हणून मिरवलेली ही डाक, ९२ भाग सोने आणि ८ भाग कॅडमियम; कॅडमियम ३२१ अंशांना वितळते आणि ७६७ अंशांना उकळते, त्यामुळे सोने वितळण्याच्या कितीतरी आधी ते वाफ होऊन हवेत तपकिरी धूर बनते. लगडीचा टंच दोन्ही टोकांना ८८.६ आला. म्हणजे पुडीसह ५८.४७० ग्रॅममध्ये शुद्ध सोने ५१.८०४ ग्रॅम.

याच ठिकाणी दुकानाचा मोठा दोष सांगितला पाहिजे. तो तपकिरी धूर फुप्फुसाला अतिशय घातक असतो, याच कारणाने ही डाक हॉलमार्कच्या दागिन्यांत चालत नाही, आणि या दुकानात धूर ओढून घेणारे धुराडे नाही. खिडकीत एक लहान पंखा आहे. साखळी मुशीत टाकण्यापूर्वी काकांनी मला दाराबाहेर, वाऱ्याच्या बाजूला उभे केले आणि तिथूनही मूस दिसेल असा बाक सरकवून दिला. स्वतः मात्र तोंडाला पंचा बांधून भट्टीवर वाकले. पंचा धूळ अडवतो, कॅडमियमचा धूर अडवत नाही. मी हे त्यांना स्पष्ट सांगितले. आयुष्यभर ज्यांनी इतरांचे सोने राखले त्यांच्या छातीची किंमत एका पत्र्याच्या धुराड्यापेक्षा आणि पंख्यापेक्षा नक्कीच जास्त आहे. मुलाने ऐकून घेतले आणि मान डोलावली.

दुसरा दोष पावतीचा. वहीवर हाताने लिहिलेली पावती मिळते, पण त्यांनी आधी फक्त लगडीचे वजन आणि टंच लिहिला होता. लाख जाळण्यापूर्वीचे आणि नंतरचे वजन, घट आणि पुडीतले सोने हे मी सांगितल्यावर त्यांनी एकेक ओळीत लिहून सही केली. ज्यांचे काम इतके उघडे आहे त्यांची पावतीही तितकीच उघडी असावी. मजुरी, टंचाचे पैसे धरून, ४५० रुपये झाली आणि ती डाग हातात घेण्यापूर्वीच सांगितली होती.

एलपीजीविषयी एक गोष्ट विषयाला धरूनच आहे. भट्टी चालू असताना सिलिंडरच्या खालच्या अर्ध्या भागावर दव जमले होते आणि वरचा भाग कोरडा होता. सिलिंडरमध्ये जे असते ते मुळात वायू, दाबाखाली द्रव केलेले प्रोपेन आणि ब्युटेन. दाब सोडला की प्रोपेन उणे ४२ अंशांनाच उकळू लागते. वेगाने गॅस ओढला की द्रव उकळताना उष्णता सिलिंडरच्या अंगातून घेतो, अंग थंड पडते, आणि दवाची वरची रेघ ही आतल्या द्रवाची पातळी असते. काका गॅस किती उरला हे त्या रेघेवरून सांगतात. एका बाजूला द्रवाचा वायू होत होता आणि त्याच्या ज्वाळेवर दुसऱ्या बाजूला घनाचा द्रव. माझ्या ५८ ग्रॅम सोन्याला तापवून वितळवायला प्रत्यक्षात लागलेली उष्णता लहान कपभर चहाचे अर्धे पाणी उकळीला आणण्याइतकीच आहे; बाकी सगळी मूस, भट्टी आणि खोली तापवण्यात जाते.

प्रत्येकाने गलाईच करावी असे मी म्हणणार नाही. १६ जून २०२१ पासून टप्प्याटप्प्याने हॉलमार्क सक्तीचा झाला आणि १ एप्रिल २०२३ पासून सहा अक्षर-अंकी एचयूआयडी, म्हणजे प्रत्येक नगाचा स्वतंत्र हॉलमार्क क्रमांक, नसलेला नवीन दागिना, कायद्यातील मोजके अपवाद वगळता, सराफाला विकता येत नाही. जुन्या, हॉलमार्क नसलेल्या दागिन्यांची शुद्धता मान्यताप्राप्त केंद्रात तपासून घेण्याची सोय २०२२ पासून ग्राहकांना आहे, आणि ती सुरू झाली तेव्हा चार नगांपर्यंत २०० रुपये आकार होता. भरीव, बिनजोडाचे वळे किंवा नाणे असेल तर तेवढे पुरते. लाख भरलेले, डाक दिलेले, अनेक वेळा दुरुस्त केलेले डाग असतील आणि ते मोडायचेच असतील तर मात्र गलाईला पर्याय नाही.

महिन्याभराने बहिणीचे तोडे आणि दोन मोडके पैंजण घेऊन मी पुन्हा गेले. चांदीची तऱ्हा निराळी आहे. वितळलेली चांदी हवेतला प्राणवायू स्वतःच्या आकारमानाच्या सुमारे वीसपट शोषून घेते आणि गोठताना तो एकदम बाहेर टाकते, त्यामुळे पृष्ठभाग फुटून बारीक थेंब उडतात. काकांनी मुशीवर कोळशाची भुकटी पसरली, म्हणजे प्राणवायू चांदीऐवजी कोळशाला मिळतो, आणि लगड गुळगुळीत निघाली. त्यांनी मुद्दाम, शेवटचा एक लहानसा तुकडा भुकटीशिवाय वितळवून मला दाखवला. गोठता गोठता त्याच्या माथ्यावर फुलकोबीसारखे फोड आले. असे दाखवणारा माणूस शाळेत असता तर माझे पाठ किती सोपे झाले असते. तुकडा तोलून बहिणीच्या लगडीबरोबरच परत दिला. या वेळच्या पावतीत आधीचे वजन, नंतरचे वजन आणि घट हे तिन्ही न सांगता लिहिलेले होते.

सोन्याची लगड सांगलीच्या सराफाने स्वतःच्या तराजूवर तोलली तेव्हा ५८.४५० भरली आणि त्याच्या यंत्रावर टंच ८८.५ आला. विट्याच्या दुकानात धुराडे दुसऱ्या फेरीपर्यंत बसलेले नव्हते. भट्टीमागच्या भिंतीवर मात्र पत्र्याच्या मापाच्या खडूच्या खुणा होत्या, आणि खिडकीतल्या पंख्याच्या जागी मोठ्या पंख्यासाठी चौकट कापून झालेली होती.